आयुष्यभराचं ऑइल

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (काल दिवसभर गाडीखाली आडवा होतो, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदी समजू नये.) तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी दिलेली पट्टी घट्ट वाटत असेल, तर मापाची आहे का ते एकदा बघून घ्या. घाऊक आणून ठेवलेलं एकच माप सगळ्यांच्या पायात चढवतात. साडूभाऊंनाही नमस्कार सांगा. इकडे सर्व क्षेम आहे, आणि जे नाही ते पुढे लिहितो.

साडूभाऊंनी आपली जुनी गाडी आम्हाला दिली तेव्हा म्हणाले होते, "ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, सीलबंद. आतलं ऑइल आयुष्यभराचं, हात लावू नका." मी सत्तावीस वर्षं वजनमापं तपासण्यात घालवली. सीलबंद म्हटलं की मला आधी सील दिसतं आणि मग ते लावणारा दिसतो. आयुष्यभराचं म्हणजे कोणाच्या? गाडीच्या, माझ्या, की कंपनीच्या? बरं, ऑइल किती आहे ते बघायला आत साधी पट्टीसुद्धा ठेवलेली नाही. ज्याच्या मनात पाप नाही तो मोजपट्टी कशाला काढून घेईल? कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला म्हटलं, ऑइल बदलून दे. तर तो नजर चुकवत म्हणाला, "राहू द्या ना साहेब, गरज नाही." ताई, चालून आलेलं काम नको म्हणणारा मिस्त्री तुम्ही पाहिलाय? मीही नव्हता पाहिला. तिथेच मी ठरवलं, हे काम घरी करायचं.

रविवारी सकाळी गाडी चार स्टँडवर चढवली, पाणसळ लावून सपाट केली (गाडी कलती असेल तर ऑइलची पातळी चुकीची दिसते, एवढा अभ्यास केला होता) आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो. बघतो तर काय, खालच्या बुचावर पान्याचे ताजे ओरखडे आणि त्याचं वायसर कोरं करकरीत! कोणीतरी माझ्या आधी इथे येऊन गेलं होतं. बूच काढलं. काळंकुट्ट ऑइल पडायला हवं, तर लालचुटूक, सरबतासारखं स्वच्छ. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. मी बोट बुडवून आधी वास घेतला. सगळं ऑइल पुरावा म्हणून डब्यात धरलं, आणि मग आठवलं की भरायचं वरचं बूच आधी उघडून बघायचं असतं, खालचं नंतर. वरचं हलेना. जोर लावला तर त्याची कडाच गोल झाली. म्हणजे गिअरबॉक्स रिकामा, आणि भरायची वाट बंद.

एवढ्यात तुमची बहीण चहा घेऊन आली. मी खालूनच तिला सगळा कट समजावला : मिस्त्री सामील आहे, आणि किल्ली दिल्याशिवाय हे होणं नाही, म्हणजे घरातलंही कोणीतरी सामील आहे. तिने कप टायरजवळ ठेवला. मग म्हणाली, "मीच."

महिन्यापूर्वी तिनेच ऑइल बदलून आणलं होतं. "गिअर धक्के देतोय, हे तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुझ्या पायातच दोष आहे." (म्हणालो होतो.) इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडून निघून गेलं, "जुनं ऑइल त्याने तुला दाखवलं तरी का?" ती म्हणाली, "लग्नाला तेवीस वर्षं झाली. अजून माझं वजन तपासायचं राहिलंय का?" आणि बॅग भरून बसने निघून गेली. चहाचा कप तिथेच, टायरजवळ.

आज सकाळी मुकाट्याने मिस्त्रीकडे गेलो. त्याने येऊन छिन्नीने ठोकत ठोकत वरचं बूच काढलं, नवं आणलं, ऑइल भरलं, आणि इंजिन चालू ठेवून पातळी नीट करून दिली. जाताना म्हणाला, "बाईंनी शपथ घातली होती साहेब. पण खरं सांगू? तुम्ही परवडलात. त्या दिवशी बाई शेजारी उभ्या राहिल्या, जुनं ऑइल मापाने मोजायला लावलं आणि तेवढंच नवं डोळ्यांदेखत ओतून घेतलं."

ताई, मी बराच वेळ अंगणात उभा होतो. मग गाडी काढून एक फेरी मारली. जराही धक्का बसत नाही. तिच्या पायात काही दोष नव्हता.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : ती तुमच्याकडेच आहे, हे मला माहीत आहे. हे पत्र तिला दाखवू नका. सहज दिसेल असं कुठेतरी ठेवा. तिने नुसतं 'या' म्हटलं, तरी मी गाडी घेऊन न्यायला येतो. चालवेल तीच.

ता. क. दोन : गेल्या तेवीस वर्षांत माझ्या नकळत तिने आणखी काय काय दुरुस्त करून आणलंय, तेवढं मात्र हळूच विचारून घ्या. रागावणार नाही. उघडायच्या आधी कळलेलं बरं.