जीवदया खात्यातले आठशे उंदीर

६ नोव्हेंबर, लाभपंचम
नव्या वहीला कुंकू लावलं, शुभ-लाभ लिहिलं. यंदा वहीत खरं तेच लिहायचं, असा नियम घेतला. तशी मी नेहमीच खरं लिहिते. नियम आपला जादा.

दुपारी आम्हा जैन बायकांच्या श्राविका मंडळाची सभा. भानुबेनने विषय काढला. तिची नात ध्रुती, सात वर्षांची, थॅलेसेमिया. दर वीस दिवसांनी रक्त चढवावं लागतं. अहमदाबादचा रक्तदीप संशोधन ट्रस्ट या आजारावर औषध शोधतोय आणि तपासणीच्या यादीत ध्रुतीचं नाव आहे. पण पैसे नाही जमले तर मार्चपासून काम बंद. मंडळाने काही द्यावं, म्हणाली.

सगळ्या लगेच हो हो करायला लागल्या. मी म्हटलं, थांबा. आधी ट्रस्टचे हिशोब तपासा, मग डोळे पुसा. अध्यक्षा कलावतीबेन म्हणाल्या, "मग तूच तपास बाई, आम्हाला घरी स्वयंपाक आहे." एकमताने निवड झाली. बावीस बायकांत हिशोब समजणारी मी एकटीच. आमची सून, हिरेनची बायको कृपाली, बी.कॉम. आहे, पण ते कॉलेजातलं.

९ नोव्हेंबर
'हिशोब उघडा हवा' असं ट्रस्टला पोस्टकार्ड टाकून तिसऱ्या दिवशी अहवाल घरी. संशयास्पद. प्रामाणिक माणसाला वेळ लागतो.

चौसष्ट पानं, गुळगुळीत कागद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, तीनशे दहा ग्रॅम. एवढ्या वजनात साधा कागद कितीला पडला असता ते काढून ट्रस्टला कळवलं. हिरेनचे पप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "रद्दीवाल्याला घालण्याआधी वाचणारेस ना?"

अहवाल इंग्रजीत आहे. काही अडत नाही. मथळे मला वाचता येतात, आकडे तर सगळ्या भाषांत सारखेच. मधला मजकूर कृपाली वाचून दाखवते म्हणाली. नको म्हटलं. अक्षरं माणसाला फसवायला असतात, आकडे फसवत नाहीत.

१२ नोव्हेंबर
पकडलं! शंभरातले बासष्ट रुपये पगारात. धर्माचं काम आणि डॉक्टर पगार घेतात! आमच्या देरासरात पूजेसाठी मी अकरा वर्षं केशर उगाळते, एक पैसा घेतला नाही.

भानुबेनला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय, खाखरे खाऊन शोध लावतील?" का नाही लावणार? खाखरा हलका असतो. डोकं चालतं.

१५ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा
सामायिकाला बसले. अठ्ठेचाळीस मिनिटं संसाराचा विचार करायचा नाही. सातव्या मिनिटाला ट्रस्टचं विजेचं बिल आठवलं. नऊ लाख! विजेचं बिल हा संसार आहे का? माझ्या मते नाही. उरलेली एक्केचाळीस मिनिटं त्यावरच चिंतन केलं. ट्रस्ट नापास. मन अगदी शांत झालं.

१९ नोव्हेंबर
एकतीस प्रश्न पाठवले होते. एकतीस उत्तरं आली, बिलांच्या झेरॉक्ससकट. चहाचंसुद्धा बिल. इतकं उघडं कोण ठेवतं? ज्याला लपवायचं असतं तोच. आणखी चौदा प्रश्न काढले.

भानुबेन भाजीवाल्यापाशी भेटली. "रसीला, कुठवर आलं?" म्हटलं, घाई नको. "तुझी तपासणी संपेपर्यंत माझी नात लग्नाची होईल," म्हणाली. मग म्हणाली, "झाली तर बरंच आहे." आणि भाजी न घेताच गेली. विनाकारण मनाला लावून घेते.

२८ नोव्हेंबर, पहाटे
देवा, मी किती चुकीचा विचार करत होते!

विजेचं बिल पुन्हा काढलं. त्यातला दोन तृतीयांश भाग एकाच खोलीचा. आणि ती खोली कुणाची? डॉक्टरांची नव्हे. उंदरांची! मथळाच आहे, प्राणिगृह. आठशे उंदीर. खाणं, बिछाना, जनावरांचा डॉक्टर, चोवीस तास एसी, अगदी खेळायला चाकं. सगळं ओळीने मांडलंय. आमच्या पांजरापोळात गाई उन्हात उभ्या असतात आणि इथे उंदराला एसी. वाचता वाचता डोळे भरून आले. संशोधन करता करता ही माणसं गुपचूप जीवदया करतात आणि बोलून दाखवत नाहीत.

आकड्यांखाली सात ओळी इंग्रजी मजकूर होता. सोडला. कृपाली मागून म्हणाली, "मम्मी, तेवढं वाचून दाखवू?" म्हटलं, दूध बघ.

२८ नोव्हेंबर, दुपारी
सामायिकात (आज अकराव्या मिनिटाला) युक्ती सुचली. मंडळाची खाती दोन. साधारण खात्यात चाळीस हजार, ते कशालाही चालतात. जीवदया खात्यात एक लाख अकरा हजार, पर्युषणात जमलेले, आणि त्यातला पैसा फक्त मुक्या जीवांवरच खर्च करता येतो. दुसरीकडे वळवला तर दोष लागतो.

मग जीवदयेचा पैसा उंदरांना द्यायचा! नियमात चोख बसतं. ट्रस्टचे उंदरांवरचे पैसे वाचतील, ते ध्रुतीसाठी वापरतील आणि आमच्या साधारण खात्याला धक्का नाही. एका चेकमध्ये दोन पुण्यं. सीएला सुचलं नसतं.

१ डिसेंबर
सभेत माझं भाषण झालं. वीस मिनिटं. कलावतीबेन मधेच म्हणाल्या, "पण ते उंदीर पाळतात कशाला?" मी म्हटलं, "बेन, दया कधी कशाला असं विचारते का?" टाळ्या. ठराव मंजूर. भानुबेन माझ्याकडे बघत राहिली, मग जमिनीकडे बघितलं, मग सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. कृतज्ञता असते माणसाच्या मनात.

संध्याकाळी एक लाख अकरा हजारांचा चेक टाकला. सोबत पत्र, "ही रक्कम केवळ प्राण्यांसाठी वापरावी."

९ डिसेंबर
ट्रस्टचं आभाराचं पत्र. प्राणिगृहासाठी आपणहून देणगी सहसा कुणी देत नाही, आपण बघायला यावं, असं लिहिलंय. कशी देतील? आमच्यासारखं बारकाईने वाचतंय कोण!

१४ डिसेंबर
भावनगरहून पहाटेच्या एसटीने अहमदाबाद. सोबत तीन किलो बाजरी आणि गूळ. रिकाम्या हाताने जीवदयेला जाऊ नये.

डॉक्टर फाल्गुनी नावाची पोरगी होती, हिरेनच्या वयाची. माझ्या पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, डोक्याला टोपी. काचेपलीकडे पांढरेशुभ्र उंदीर, डब्या-डब्यांत, प्रत्येकाला नंबर. मी हात जोडून नवकार मंत्र म्हटला. बाजरी घेतली नाही, त्यांना मोजूनच देतात म्हणाली. मला आवडलं. उधळपट्टी नाही.

मी विचारलं, म्हातारे झाल्यावर कुठे पाठवता? ती म्हणाली, "मासी, म्हातारं होईपर्यंत इथे कुणी राहत नाही." म्हटलं, वा, लवकर सोडून देता. तिने चहा पाजला. त्याचं बिल मी मागितलं नाही.

१४ डिसेंबर, संध्याकाळी
परतताना बरवाळ्याच्या स्टँडवर बस थांबली. सूर्य मावळायच्या आत खाऊन घ्यावं म्हणून थेपला उघडला. पहिला घास तोंडात असतानाच प्रश्न पडला. सोडतात, पण कुठे?

कृपालीला फोन लावला. म्हटलं, त्या सात ओळी वाच. तिने वाचल्या. मग गुजरातीत सांगितल्या. आधी उंदरांना आजार देतात, मग औषध, मग रक्त आणि काळीज तपासायला त्यांना मारतात. मी म्हटलं, हळू वाच. तिने हळू वाचलं. तेच निघालं.

घास थुंकला. बाजरी स्टँडवरच्या कबुतरांना टाकली. भावनगर येईपर्यंत माळ जपत बसले. शेजारची बाई विचारत होती, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, आठशे.

१५ डिसेंबर
आयंबिल केलं. एकच वेळ जेवण, बिनमिठाचं, बिनतेलाचं. शुद्ध डोक्याने विचार केला. चूक ट्रस्टची आहे. त्यांनी लपवलं. म्हणजे छापलं होतं, मथळ्याखालीच. पण इंग्रजीत.

भानुबेनला धरलं. "तुला ठाऊक होतं?" म्हणाली, "हो. ध्रुतीला घेऊन तीनदा गेलेय तिथे." "मग बोलली का नाहीस?" "तू साऱ्या गुजरातला पंचेचाळीस प्रश्न विचारलेस, रसीला. मला एक तरी विचारलास?"

१८ डिसेंबर
तातडीची सभा. मी ठराव मांडला. जीवदयेच्या पैशातून जीवहिंसा झाली, पैसे परत मागवू. सगळ्या "अरेरे, अरेरे" करत होत्या. वारं माझ्याच बाजूने होतं.

भानुबेन उभी राहिली. म्हणाली, "मागव परत. पण आधी तुझी ब्लडप्रेशरची गोळी परत कर. तीही कुठल्या तरी उंदराच्या पोटातून तुझ्याकडे आलीय. कलावतीबेन, तुमची शुगरची पण. मला उंदरांची दया येत नाही असं नाही. येते. दर वीस दिवसांनी पोरीच्या हातात सुई जाते तेव्हा मला सगळ्यांचीच येते. पण मला एक तरी औषध दाखवा जे आभाळातून पडलं." मग खाली बसली आणि पदराने तोंड झाकलं.

कलावतीबेनने पर्स हळूच मांडीखाली सरकवली. मी उठून जाहीर केलं की आजपासून माझी गोळी बंद. जीव गेला तरी चालेल. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

१९ डिसेंबर
गोळी घेतली नाही. एकदम हलकं वाटतंय. औषधं म्हणजे सगळं मनाचे खेळ.

२० डिसेंबर
सकाळी सात. गोळी नाही. घर थोडं फिरतंय.
अकरा वाजता. अर्धी घेतली. तत्त्व अर्धं शाबूत.
अकरा दहा. उरलेली अर्धी घेतली. उघडी ठेवली असती तर वाया गेली असती. उधळपट्टी हेही पापच.

२२ डिसेंबर
मंडळाचा निकाल. ट्रस्टकडचे पैसे परत मागायचे नाहीत, ध्रुतीचं काम थांबता कामा नये. पण जीवदया खातं पूर्ण भरलं पाहिजे, तो नियम. साधारण खात्यातून चाळीस हजार भरायचे. राहिले एकाहत्तर हजार. कलावतीबेन म्हणाल्या, "जिने तपासलं तिने भरावे." एकमत. माझं धरून बावीस मतं, कारण मी हात वर केला तो बोलायला.

घरी येऊन फराळाच्या मठियांच्या डब्याखालचा डबा काढला. चौतीस वर्षांची काटकसर. मोजताना हिरेनचे पप्पा दारात उभे. म्हणाले, "एवढे होते? आणि मी बायपासच्या वेळी मेहुण्याकडून व्याजाने आणले." हे मी वहीत लिहिणार नव्हते. पण नियम घेतलाय.

४ जानेवारी
भानुबेन सुखडीच्या वड्या घेऊन आली. ध्रुतीला तपासणीची मार्चनंतरची तारीख मिळाली. "तुझ्यामुळे झालं," म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी सगळा विचार करूनच केलं होतं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण.

दुपारी डॉक्टर फाल्गुनीचा फोन. मंडळाने कळवलंय, पावती दुरुस्त करायची आहे, एकाहत्तर हजार माझ्या नावावर, प्राणिगृहासाठी. म्हटलं, बेटा, माझं नाव नको. आपल्यात पाटीवर लिहितात ना, 'एका सद्गृहस्थाकडून', तसं लिही. ती म्हणाली, "मासी, निनावी देणगी आमच्याकडे घेतच नाहीत. नाव, गाव, रक्कम, कशासाठी दिली, सगळं अहवालात छापतो. हिशोब उघडा हवा, हे तर तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिलं होतंत."

मग माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं. दोनदा सांगावं लागलं.