घामाचा प्रश्न

आई, तुझं हॅम रेडिओच्या लायसन्सचं वेड शेवटी कामी आलं. परवा इथल्या, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका शाळेतली पोरं थेट अंतराळ स्थानकातल्या माणसाशी बोलली, आणि ज्या रेडिओवरून बोलली त्याच्यामागे परवानाधारक म्हणून बसले होते मी. लेख लिहून लोकांना टोचण्यापलीकडे हिला काही येत नाही म्हणणारी मंडळी टाळ्या वाजवत होती. तू असतीस तर टाळ्यांत सिग्नल बुडतो म्हणून त्यांच्यावर डाफरली असतीस.

क्वार्टर्समधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. डब्यांच्या फळीवर तुझा रेडिओ, शेजारी मिक्सर. मिक्सर फिरला की रेडिओ खरखरतो, म्हणून जपान लागलं की इडल्या कोरड्या. बाबा फॅक्टरीतून येतात, ताटाकडे बघतात आणि विचारतात, आज कुठला देश चटणी खाऊन गेला? हेडफोनखाली तू हसतेस. एकदा मला माइक दिलास, तर मी बटण दाबून शाळेतली अख्खी कविता म्हटली. तू माइक काढून घेतलास. "बटण दाबून ठेवलंस की समोरचा बोलतोय की मेलाय, तुला कळणार नाही. बोललीस ना, आता सोड." इतका चांगला सल्ला मला पुढे एकाही संपादकाने दिला नाही.

तर परवाचं. स्थानक आपल्या आकाशात असतं जेमतेम दहा मिनिटं, मग क्षितिजाखाली जातं. मुलांचे प्रश्न शाळेने धुऊन इस्त्री केलेले, अंतराळाने मानवजातीला काय शिकवलं वगैरे. सातवीतल्या एका मुलीचा तेवढा जिवंत होता: वर घाम आला तर तो जातो कुठे? मे महिन्यात पत्र्याखालच्या वर्गात बसणाऱ्या पोरीलाच हे सुचणार. शाळेने तो असभ्य म्हणून खोडला. मी म्हटलं, घाम नाही तर माझं लायसन्सही नाही. घाम परत आला, पण सगळ्यांच्या शेवटी.

तिची पाळी आली, तिने माइक उचलला, आणि शाळेचे करस्पॉन्डंट, म्हणजे सरळ भाषेत मालकच, पुढे झाले. तिच्या हातातून माइक घेतला, बटण दाबलं आणि अंतराळाला स्वागतपर भाषण सुरू केलं. संस्थेची स्थापना झाली, संस्थापक झाले, संस्थापकांचे आजोबा झाले. वरचा माणूस काही म्हणत असला तरी ऐकू येणार कसं, बटण यांच्या मुठीत. स्थानक बंगालच्या उपसागरावर सरकत चाललेलं. मी "सार, प्लीज" म्हटलं, तर सारांनी मला तळहात दाखवला. पोरगी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, ते जास्त वाईट.

टेबलावरच्या तबकात पोन्नाडै होती, इथली सत्काराची जरीची शाल, समारंभाच्या शेवटी त्यांनाच घालायची. मी उठले आणि ती सरळ त्यांच्या खांद्यांवर टाकली. चेन्नईतला मोठा माणूस, आई! खांद्यावर शाल पडली की दोन्ही हात आपोआप जुळतात, त्याला विचार करावा लागत नाही. हात जुळले, माइक सुटला. मी तो वरच्या वर झेलला आणि पोरीला दिला.

"विचार, कण्णा, विचार बाळा. लवकर."

तिने विचारलं, न अडखळता, आणि "ओव्हर" म्हणून बटण सोडलं. खरखरीतून तो माणूस आधी खदखदून हसला, मग बोलत राहिला. ती ऐकत राहिली, तोंड उघडं, डोळे छताकडे, जणू पत्र्यापलीकडे तो तिला दिसतोय. आवाज हळूहळू विरला तरी ती तशीच उभी. सार तोवर हात जोडूनच होते. फोटो फार छान आलाय त्यांचा.

हे पत्र मी कुठेच धाडणार नाही. तुला पोचलं तर तू आधी हेच विचारशील, मग घाम जातो कुठे? मला माहीत नाही, आई. मी उत्तर ऐकलंच नाही. मी तिच्याकडे बघत होते.