सही न करण्याचे दिवस

या घराच्या खरेदीखतात किंमत लिहिली आहे अकरा हजार रुपये. ती कोणी खरी मानू नये. मी कंपनीत मोटरीच्या तारा गुंडाळणारा वाइंडर होतो तेव्हा सुट्टी रविवारची असे आणि मी शनिवारी कामावर जात नसे. त्यामुळे दर आठवड्याला एक रोज कापला जाई, आणि बढतीच्या वेळी नाव कापले जाई ते वेगळेच. हेडमिस्त्री शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांदेखत विचारायचा, "काय शनवार तेली, उद्या घाणा बंद ना?" आमचे वाडवडील कोकणात तेल गाळत आणि शनिवारी घाण्याला हात लावत नसत, म्हणून ही पदवी. पुढे माझ्या बायकोच्या, एरुशाच्या, बांगड्या गेल्या, प्रेसखाली माझ्या डाव्या करंगळीचे पेर गेले, आणि शेवटी नोकरीही गेली. मग स्वतःचे वर्कशॉप काढले आणि त्यातून हे घर झाले. तेव्हा खरी किंमत अशी: अकरा हजार, चार बांगड्या, एक पेर आणि तरुणपणाचे सगळे शनिवार.

मी, रहमीम एझेकिएल झिराडकर, वय एकाहत्तर, बेने इस्राएल यहुदी, धंदा मोटर रिवाइंडिंग, राहणार कल्याण पश्चिम, शहाडकडे जाणारा रस्ता, आज खिरीच्या सणाच्या दिवशी लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही, पण मृत्युपत्र हृदयाने करायचे नसते. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही. धाक आहे, तो हे न लिहिण्यासाठी आहे.

कलम १. माझी मिळकत म्हणजे हे बैठे घर, त्याच्या पाठीला लागून असलेले वर्कशॉप, आणि बँकेत थोडी शिल्लक. घराची पुढची खोली ही आमच्या इथल्या लोकांची नमाजाची जागा आहे. ठाण्याची आमची मशीद, लोक सिनेगॉग म्हणतात ती, मोठी आणि देखणी, पण सणाच्या दिवशी गाडीत बसायचे नाही म्हटल्यावर कल्याणच्या म्हाताऱ्यांनी तिथवर जायचे कसे? म्हणून ही खोली. एके काळी इथे उभे राहायला जागा नसे. मग एकेक घर इस्राएलला गेले. आता आम्ही मोजून दहा पुरुष उरलो आहोत, आणि दहाच्या खाली जमातीचा नमाज होत नाही. मी गेलो की नऊ.

कलम २. वर्कशॉपातील लेथ, वाइंडिंग मशीन, मेगर आणि सर्व हत्यारे भिवा राघो म्हात्रे, राहणार कळवा, यांस द्यावीत. भिवा माझ्याकडे बावीस वर्षे आहे. जातीने आगरी, तोंडाने फटकळ, हाताने सोने. माझा लांब स्क्रू-ड्रायव्हर त्यालाच द्यावा. त्याचे टोक चालत्या मोटरीवर ठेवायचे आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे कुठली बेअरिंग गेली ते आतून ऐकू येते. मला मात्र रस्त्यावरूनच ऐकू यायचे. एकदा पंप हातगाडीवरून उतरायच्या आत मी बिघाड सांगितला, तेव्हा गिऱ्हाईक म्हणाला, "शेठ, कान आहेत की एक्स-रे?" भिवा म्हणाला, "कान द्याल तर हत्यारा कशाला पायजेल?" कान देता येत नाहीत, भिवा. तेवढे सोडून सगळे तुझे.

कलम ३. माळ्यावरच्या पेटीतली तांब्याची भांडी ही फक्त अनशी ढाकण्याच्या सणाची आहेत. त्या आठ दिवसांत आम्ही खमीर घरात ठेवत नाही. पूर्वी कोकणात आंबवणाची बरणी झाकून बाजूला ठेवत, म्हणून सणाचे हे नाव. ही भांडी पुढच्या खोलीच्या मालकीची आहेत. त्यांत वर्षाच्या इतर दिवशी कोणी भजी तळू नयेत. डोंबिवलीच्या माझ्या मेहुणीने एकदा तळली होती. तिला या मृत्युपत्रात काहीही नाही, आणि ते का नाही हे तिला समजावे म्हणून इथे लिहिले आहे.

कलम ४. बँकेतील शिल्लक पुढच्या खोलीच्या दिव्याच्या तेलासाठी, एलियाहू हन्नबीच्या उरुसाच्या मलिद्यासाठी आणि खिरीच्या सणाच्या नारळ-गुळासाठी वापरावी. आज सकाळी मी एकट्याने खीर शिजवली. ऊद जाळला, शेमाची प्रार्थना म्हटली, आणि एरुशाच्या खुर्चीपुढे वाटी ठेवली. खीर खाली लागली होती. ती असती तर बोलली असती.

कलम ५. हे कलम वकिलाने दोनदा वाचावे. खाली लिहिलेल्या दिवशी मी कधीही पेन हातात धरलेले नाही: कोणताही शनिवार, नव्याच्या सणाचे, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचे, दोन दिवस, दारफाळणीचा सण, अनशी ढाकण्याच्या सणाचे पहिले आणि शेवटचे दिवस. आमच्या होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमला, आणि मंदिर पडल्याचा शोक करतो त्या बिरड्याच्या सणाला लिहायला मनाई नाही, पण पहिल्यात मी शुद्धीवर नसतो आणि दुसऱ्यात उपाशी असतो, म्हणून तेही धरा. कंपनीने माझी नोकरी घेतली, पण शनिवारी माझ्याकडून हजेरीची सहीसुद्धा घेता आली नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तेव्हा ही मिळकत विकल्याचा, लिहून दिल्याचा किंवा कोणाला अधिकार दिल्याचा कोणताही कागद पुढे आला आणि त्यावर अशा दिवसाची तारीख असली, तर तो खोटा समजावा. सगळे सण चंद्रावर फिरतात, खोटे करणाऱ्याला ते ध्यानात राहत नाहीत.

कलम ६. आता कारण लिहितो. मागच्या बाजूच्या चाळीची जागा एका बिल्डरने घेतली आहे आणि त्याला रस्त्याकडचा माझा तुकडा हवा आहे. त्याचा माणूस हरिहर. दिसायला देवमाणूस, कपाळाला अंगारा, बोलणे लोण्यासारखे. गेल्या होळीच्या सणाला आम्ही आत गोंगाट करत होतो, तेव्हा माझ्या मागच्या दाराला लागून विटांचा ढीग पडला. दार उघडेना. अनशीच्या सणाच्या आदल्या दिवशी, भांडी घासायच्या नेमक्या वेळी, नळाचा पाइप तुटला. बिरड्याच्या सणाला आम्ही उपाशीपोटी जमिनीवर बसलो होतो आणि वर्कशॉपाच्या पत्र्यावर दगड पडत होते. पहिल्या वेळी मी नशीब म्हटले, दुसऱ्या वेळी कार्टी म्हटले. तिसऱ्या वेळी भिवा म्हणाला, "शेट, यांच्याकरं तुमचा क्यालेंडर हाय."

नव्याच्या सणाच्या आधी हरिहर स्वतः चहाला आला. माझ्या खुर्चीत बसला.

"शेठ, तुमचा तो दार लावून बसायचा सण यंदा कधी?"

"का? उपास धरतोस?"

"नाही हो. म्हटलं त्या दिवशी आमच्या लोकांचा आवाज नको तुम्हाला. तुम्ही तर त्या दिवशी फोनलाही हात लावत नाही. पोलीस आला तरी दार उघडत नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

तो हसला. कप खाली ठेवला. दारात चपला घालताना, मला नव्हे, चपलांना म्हटल्यासारखा म्हणाला, "बुधवार ना? बुधवार बरा."

तारीख मी सांगितली नव्हती.

दारफाळणीला काय होते ते न जाणणाऱ्यासाठी लिहितो. आदल्या संध्याकाळी आंघोळ करून, पांढरे कपडे घालून आम्ही आत जातो आणि दार लावतो. दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणे नाही. घरातले मेलेले त्या दिवसांत येऊन बसतात असे माझी आई सांगे, तेवढेच पाहुणे. मागच्या वर्कशॉपाकडे कोणी फिरकत नाही. भिंत फोडून आत आपले सामान आणि आपले कुलूप लावायला एक दिवस पुष्कळ होतो. रात्री मी बाहेर येईन तेव्हा ताबा त्यांचा, आणि मग कोर्टात मी फिर्यादी. माझे वय बघता निकाल ऐकायला मी नसेन.

कलम ७. माझा एकुलता मुलगा नफ्ताली, तेरा वर्षांपूर्वी इस्राएलला गेला, अश्दोदला राहतो असे मी सगळ्यांना सांगतो. हरिहर चहा पिऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी नफ्तालीचा फोन आला.

"पप्पा, यंदाही सणाला जमत नाही हो. इथे कामाचं फार आहे."

"बरं. तिकडे हवा काय म्हणते?"

"उकाडा अजून आहे. पप्पा, दारफाळणीला तुम्ही पुढच्याच खोलीत असणार ना? दिवसभर?"

"मग कुठे जाऊ?"

एवढ्यात शहाडच्या कारखान्याचा पाळीचा भोंगा झाला. तो भोंगा रोज होतो. माझ्या उजव्या कानाला तो खिडकीतून आला, आणि डाव्या कानाला रिसीव्हरमधून. एकाच वेळी सुरू झाला, एकाच वेळी थांबला. अश्दोदपर्यंत तो भोंगा जात नाही. मग मी म्हटले, "जेवून घे, नफ्ताली." त्याने फोन ठेवला.

मी हे कोणालाही सांगितले नाही. भिवाला आज हे कलम वाचून दाखवीन. त्याला शिव्या द्यायच्या असतील तर माझ्या मागे द्याव्यात.

नफ्तालीला मी बेदखल करत नाही. घर त्याला देतो, पण एका अटीवर. दारफाळणीच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळण्याआधी, त्याने पुढच्या दाराने आत यावे, चौकटीवरच्या मेझुझाला हात लावावा, पांढरे कपडे घालावेत आणि दिवसभर आमच्यात बसावे. मी मेलो असेन तर तो दहावा. मी जिवंत असेन तर अकरावा, आणि मी त्याला एक शब्द विचारणार नाही. त्यानंतर दरवर्षी हेच करावे. जोवर करील तोवर घर त्याचे. तो यंदा आला नाही, तर घर आणि जागा कायमची जमातीच्या पंचांकडे जावी, त्यांनी ती बिल्डरला देऊ नये, आणि माझे शिंगाचे शोफार, नमाजाला कपाळाला व हाताला बांधायचे तेफिलीन आणि नमाजाची चादर माझ्याबरोबर पुरावी. दुसऱ्या दिवशी शिळा सण असतो, त्या दिवशी आम्ही दाराशी आलेल्या कोणालाही रिकाम्या हाताने पाठवत नाही. तेव्हा आला तर त्याला जेवू घालावे. घर मात्र देऊ नये.

कलम ८. यंदाच्या दारफाळणीला भिवाने वर्कशॉपात बसावे. नवरात्र संपत आलेले असेल, दसऱ्याला हत्यारांची पूजा त्याने तिथेच करावी आणि मग उठूच नये. सातवे कलम वाचून दाखवल्यावर त्याला हे मी तोंडी विचारले. तो म्हणाला, "बसतो. पन पोरगा तुमचा आला न मागच्या दाराशी, त काय करू?" मी म्हटले, दार पुढे आहे असे सांग. "न नाय आयकला त?" मी त्याला वर्कशॉपाची किल्ली दिली.

उद्या शुक्रवारी दुपारी चारला डॉक्टर रतन गुप्ते साक्षीला येणार आहेत. दिवे लावायच्या आत सह्या उरकतील.

पुरवणी. हा मजकूर माझ्या सांगण्यावरून डॉ. गुप्ते यांनी लिहिला आहे. काल ते आले नाहीत, सासुरवाडीला अडकले होते. आज सकाळी आम्ही नमाजाला उभे असताना मागच्या बाजूने माणसे येऊन भिंतीची मापे घेऊन गेली. भिवा धावत गेला, तोवर ती निघाली होती. मी पुढच्या खोलीतून सगळे ऐकले. टेप ओढल्याचा आवाज, हरिहरचा आवाज, आणि टेपचे दुसरे टोक धरणाऱ्याचा खोकला. तो लहान होता तेव्हा त्या खोकल्याला एरुशा आल्याचा रस देत असे. "कोन व्हता, तोंड नाय दिसला," भिवा म्हणाला.  मग छातीत जे सुरू झाले त्यासाठी डॉक्टरांना आणावे लागले. ते म्हणतात ठाण्याला नेऊ. नेतील. परत आणतील का हे ते सांगत नाहीत, आणि मला त्यांचा आवाज ऐकू येतो.

मी पेन मागितले. भिवा म्हणाला, "शेट, आज शनवार हाय."

"ठाऊक आहे. दे."

डॉक्टर म्हणाले, "रहमीमशेठ, पाचव्या कलमात तुम्हीच लिहिलंय. उद्या करू या."

"उद्या तुम्ही कराल, मी नसेन. पाचव्या कलमाला हा एकच अपवाद, दोघांदेखत, असे लिहा. आणि वार लपवू नका, हरिहर शोधून काढील."

दुसऱ्या कलमातली हत्यारे मी आजच भिवाला हातोहात दिली, कारण साक्षीदाराला मृत्युपत्राने देता येत नाही. सातवे कलम मी बदललेले नाही. बुधवारची खुर्ची मांडून ठेवावी.

सही: रहमीम एझेकिएल झिराडकर

साक्षीदार: १. डॉ. रतन गुप्ते, कल्याण. २. भिवा राघो म्हात्रे, कळवा. आम्हा दोघांसमोर, आणि आम्ही एकमेकांसमोर, सही केली.

स्थळ: कल्याण. तारीख: ३ ऑक्टोबर १९९२. वार: शनिवार.