वॉल्टरच्या जागी खेळलेल्या माणसाचे मृत्युपत्र

मी, क्लिफर्ड ऑर्मेरॉड, वय सदुसष्ट, पूर्वी व्यावसायिक फुटबॉलपटू, राहणार टेंटर हिल, कॅल्डरबी, लँकेशायर, आज पूर्ण शुद्धीत, कोणीही मानगूट धरलेली नसताना, हे लिहून ठेवत आहे. हृदय कुरकुरते, डोके ठीक आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात वॉल्टर एंटविसलचे नाव नव्हते, म्हणून हे नवे.

एक. माझे दहन करावे. राख कोणत्याही मैदानावर टाकू नये. सात गावांच्या सात क्लबांकडून खेळलो, पण एकाही गावाला माझी राख आपली वाटेल असे मला वाटत नाही. माझ्या बायकोच्या, एडनाच्या, शेजारी ठेवावी. तिने सातही वेळा कुरकुर न करता भांडी बांधली.

दोन. पोटमाळ्यावरच्या पेटीतले सदरे इथल्या चर्चच्या संघाला द्यावेत. दोन नंबरपासून अकरापर्यंत सगळे आहेत, शिवाय गोलरक्षकाचा एक हिरवा. संघात जिथे भोक पडेल तिथे मला लावत. आमचे व्यवस्थापक टॅटरसॉल मला हाकच मारत, "ए ठिगळ!" एकदा बोट मोडलेले असताना त्यांनी मला गोलात उभे केले. मी म्हणालो, "साहेब, बोट हलत नाहीये." म्हणाले, "मग बाकीची नऊ हलव." पाच गोल खाल्ले. टॅटरसॉल यांना मी काही ठेवत नाही. ते वारले आहेत, हयात असते तरी ठेवले नसते.

तीन. माझा राहता बंगला, ज्याला एकही पायरी नाही, वॉल्टर एंटविसल याला तो जिवंत असेपर्यंत राहायला द्यावा. त्याच्यानंतर तो माझी मुलगी जिलियन हिचा. याचे कारण लिहायची कायद्याने गरज नाही, असे वकीलबाई मिस हॉलरॉयड म्हणतात. मला गरज आहे.

वॉल्टर कॅल्डरबीचा उजवा फुल-बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, होता आणि मी राखीव. मिसेस पिकप यांच्या घरी एका खोलीत आम्ही दोघे भाडेकरू. तो माझे बूट स्वतःच्या बुटांबरोबर चरबी लावून ठेवी, मी त्याच्या वाटणीचे ब्लॅक पुडिंग, म्हणजे डुकराच्या रक्ताचे सॉसेज, खाई. तेव्हा बदली खेळाडू उतरवायची सोय नव्हती. राखीव माणूस कोट घालून बाकावर बसे आणि कोणाचे तरी काहीतरी मोडण्याची वाट पाही. वाट पाहतो असे कोणी म्हणत नसे, एवढेच.

एकसष्टच्या फेब्रुवारीत, चिखलात, वॉल्टर चेंडूवर घसरत गेला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या नडगीवर आला. आवाज बाकापर्यंत ऐकू आला. आणि मी धावत त्याच्याकडे निघालो तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: पुढच्या शनिवारी मी खेळणार.

पुढच्या शनिवारी चषकाचा सामना होता. वॉल्टरने इस्पितळातून निरोप धाडला, "क्लिफला सांगा, त्यांचा डावा विंगर आत वळतो. त्याच्यामागे जाऊ नकोस म्हणावं, थांब." मी थांबलो. आयुष्यात तसा पुन्हा कधी खेळलो नाही. वर्तमानपत्रात नाव आले, मोठ्या क्लबाने मला उचलले, आणि तिथून पुढची बारा वर्षे मी या खेळावर जेवलो. वॉल्टरचा पाय वाकडा जुळला. तो कातड्याच्या कारखान्यात लागला. आज तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बहुतेक बंद असते, आणि तो जिना बसून उतरतो. हे मी पाहिले आहे. त्याने मला पाहिले नाही, कारण मी तोंड फिरवून परत आलो.

जिलियन नवरा सोडून गेल्यापासून माझ्याकडेच राहते. तिला हे कलम वाचून दाखवले. तिने केटलीत पाणी भरले. मग म्हणाली, "द्या बाबा. मी बघेन माझं कुठेतरी. पण त्यांना विचारलंत का?"

विचारले नव्हते. मसुदा घेऊन गेलो. त्याने चष्मा लावून वाचला. मी त्याला तो पहिला विचार सांगितला.

"एवढंच?" वॉल्टर म्हणाला. "मी संघात कसा आलो, ते विचारलंस कधी? जॅक बर्टेन्शॉचं खांद्याचं हाड मोडलं म्हणून. मी तर आदल्या रात्री देवाकडे मागितलं होतं, गाढवा!"

"पण जॅक परत खेळला."

त्याने हात लांबवून रेडिओ बंद केला.

"हो," तो म्हणाला. "तो खेळला."

मग त्याने विचारले, "पोरगी कुठे जाणार?"

मी म्हणालो, "ती बघेल."

"म्हणजे एडनाच्या पोरीला बाहेर काढून मी तुझ्या पलंगावर झोपायचं? क्लिफ, चाळीस वर्षं तू मला नाताळला दारूची बाटली पाठवलीस आणि एकदाही वर आला नाहीस. आता घर पाठवतोयस. तुझं ओझं उतरवायला माझी पाठ नको वापरूस." दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "यायचं तर चहाला ये. गुरुवारी मी घरी असतो. तसा रोजच असतो."

चार. बाकी सर्व चीजवस्तू जिलियनची.

पाच. आज सहीच्या वेळी वॉल्टर बोलावल्याशिवाय मिस हॉलरॉयड यांच्या कचेरीत आला आणि मला साक्षीदार व्हायचे आहे म्हणाला. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळू शकत नाही, कलम तीन त्याच्यापुरते निकामी होईल आणि बंगला सरळ जिलियनकडे जाईल, हे बाईंनी त्याला दोनदा बजावले. तो म्हणाला, "म्हणून तर जिने उतरून आलो, बाई. पेन कुठाय?"

मी त्याला अडवले नाही. अडवायचा हक्क मला कुठून असणार? मात्र कलम तीन कोणी खोडू नये. त्याचा उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. तरी ते वाचले जावे. हे पाचवे कलम माझ्या सांगण्यावरून सहीपूर्वी जोडले आहे.

येथवरचे सारे वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करतो.

क्लिफर्ड ऑर्मेरॉड
कॅल्डरबी, १३ नोव्हेंबर २००३

आमच्या देखत सही झाली. साक्षीदारांनी नाव व धंदा स्वहस्ते लिहावा:

१. विनिफ्रेड क्लेग, शिवणकाम
२. वॉल्टर एंटविसल, उजवा फुल-बॅक