पचमढीच्या वाटेवर वडनेर

वडनेर, ता. हिंगणघाट
५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. वर्षाली,

तुला, आदेशला आणि काजलला आशीर्वाद. मी बरा आहे. बीपीची गोळी रोज घेतो, विसरत नाही. दसऱ्यानंतर आभाळ मोकळं होईल असं वाटलं होतं, पण ढग अजून येऊन जाऊन आहेत.

तू पाठवलेले बूट मिळाले. मापाला बरोबर आहेत. डोंगर चढायच्या आधी पायांना सवय हवी असं तू म्हणालीस, म्हणून सकाळी ते घालून वावरापर्यंत जातो. आपल्याकडे कापूस वेचणीला बायका घेऊन येणारी आनंदाबाई परवा रस्त्यात भेटली.

"काऊन हो काकाजी, मॅच खेळाले चाल्ले का?"

मी म्हटलं, "महादेवाले चाल्लो."

"मंग बूट कायले? महादेवाले तं लोक अनवानी जातेत."

तुला ठाऊक असेल, इकडचे जुने लोक पचमढीला पचमढी म्हणत नाहीत. 'महादेवाले गेलतो' एवढंच म्हणतात. आता तिथे नॅशनल पार्क आहे, जिप्सीत बसून गवे-अस्वलं बघता येतात, हे मी आनंदाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "अस्वल पाहाले पैसे देता? आमच्या गिरडच्या भाच्याले तं फुकटात दिसलं. आठ दिवस तापानं पडला होता."

फोनवर पाठवलेली तुझी आखणी नीट वाचली. धूपगढ, जंगलातली सायकल, चौरागढची चढाई, सगळं छान आहे. काजल सरावाला तुमच्या इमारतीचे जिने चढते हे वाचून हसू आलं. चौरागढच्या पायऱ्यांवर तिच्या हातात खाऊ दिसू देऊ नकोस, माकडं अंगावर येतात. दिवाळीच्या सुमारास तिथे रात्री चांगलीच थंडी पडते. हैदराबादच्या हिशेबाने कपडे घेऊ नका.

आदेशच्या आईचं वर्ष अजून सरायचं आहे, घरी यंदा दिवाळी नाही, तेव्हा मुलीला त्या दिवसांत कुठेतरी न्यावं, हा तुझा विचार मला पटला. लहान पोरीने किती दिवस गप्प बसायचं?

आता तुझा प्रश्न. मी येणार की नाही ते कळलं, म्हणजे तुला खोल्या घेता येतील. फोनवर तू विचारतेस, मी 'पाहू' म्हणतो, आणि तेवढ्यात काजल फोन ओढून घेते. मला तेच बरं वाटतं. तुला मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठीक आहे. बैलांचं सांगितलं. पण बैलांकडे बघायला शेजारचा तानबा केव्हाच तयार झाला आहे. कापसाचं सांगितलं, ते तेवढं खरं आहे, पण पुरतं सांगितलं नाही.

कापूस फुटला आहे. खालची बोंडं पूर्ण उमललीत. आनंदाबाई बायका घेऊन आली, तेव्हा मी म्हटलं, दव फार आहे, दोन दिवसांनी या. पुन्हा आली, तेव्हा म्हटलं, अजून थोडा फुटू दे. तिसऱ्यांदा ती एकटीच आली आणि अंगणात बसली.

"वावर पांढरं फटक पडून राह्यलं, अन् तुमी दव पाहून राह्यले! पाणी आलं तं वातीच वळा मंग त्याच्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सीतादहीसाठी थांबले न? मी करतो ना काकाजी. बाईमाणूस पाह्यजे, झालं तं मंग."

सीतादही तुला आठवत असेल. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तू आली होतीस. वावराच्या धुऱ्याजवळच्या झाडाखाली पाच खडे मांडून कुंकू लावलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि घरच्या बाईने पहिला कापूस ओटीत घेतला की मगच वेचणी सुरू. तुझ्या हातून दह्याचं भांडं कलंडलं होतं. तू घाबरलीस, आणि तुझी सासू हसत म्हणाली, "सांडू दे, जमिनीलेच द्याचं आहे ते." गेल्या वर्षी खोकत खोकत तिनेच केली.

आनंदाबाईने केली तर काही बिघडणार नाही. ती मनाने चांगली आहे. पण तिने केली की या घरात बाई उरली नाही, हे मीच माझ्या तोंडाने सांगितल्यासारखं होईल. म्हणून मी दवाचं नाव पुढे करतो.

वर्षाली, तुझ्या आखणीत पहिला मुक्काम नागपूर आहे, आणि त्याच्या वर लिहिलं आहे, 'वडनेर फाट्यावरून बाबांना घेणे.' फाट्यापासून घर किती जवळ आहे ते तुला माहीत आहे. ते तू लिहिलं नसावंस, असं मला वाटतं. तेरवी झाली त्या दिवसापासून आदेश या घरात आलेला नाही. ऑगस्टमध्ये नागपूरला कामासाठी आला, तेव्हा मला फाट्यावरच्या ढाब्यावर बोलावलं. चहा घेतला, माझी औषधं हातात ठेवली आणि तिथूनच परत फिरला. ज्या खोलीत आईला शेवटच्या दिवसांत त्या अवस्थेत पाहिलं, तिथे पाऊल टाकायला त्याला जड जातं, हे मला कळतं. मला तर रोज तिथूनच जावं लागतं.

त्याच्याशी भांडू नकोस. पत्र हवं तर वाचायला दे, नाहीतर तू सांग.

माझं म्हणणं एवढंच आहे. जमलं तर निघण्याचा दिवस एकाने अलीकडे घ्या. हायवे सोडून गाडी गावात आणा. रात्री इथे राहा, सकाळी वावरात चला. दही मी लावून ठेवीन. बाकी कसं करायचं ते तुला येतं, काही चुकलं तरी चालेल. आनंदाबाईच्या बायका तोवर दुसऱ्याच्या वावरात लागतील, एखादं पाणीही पडेल, थोडा कापूस मातीत जाईल. जाऊ दे. दुपारी मी तुमच्यासोबत पचमढीला निघेन. माझी खोली धर.

नाहीच जमलं, तर तुम्ही तिघं आनंदाने जा, काजलचे फोटो पाठवा. आनंदाबाईला मी अजून हो म्हटलेलं नाही.

फाट्यावर मात्र मी येणार नाही.

घरीच आहे,
बाबा