अठरा मिनिटांत विमानतळ

३ जानेवारी
संकल्प : (१) रोज चालणे. (२) सासूबाईंशी वाद न घालणे. (३) हायवेच्या इंटरचेंजची कोंडी कायमची फोडणे. तिसरा सर्वांत सोपा. नवं डिझाइन माझ्याकडे आलंय, हे शहराचं भाग्य. चढाउतरायचे आठ रॅम्प, दोन गोल लूप, एक उड्डाणपूल. लेकीला शब्द दिला, शिक्षण संपवून परदेशी जाशील तेव्हा माझ्या पुलावरून अठरा मिनिटांत विमानतळावर सोडीन. ती म्हणाली, बाबा, नक्की?

१० जानेवारी
चालणे : उद्यापासून.
डायनिंग टेबलवर थर्माकोलचं मॉडेल करायला घेतलं. ऑफिसात टेबल मोठं आहे, पण तिथे लोक काम सांगतात. घरचे ताटं मांडीवर घेऊन जेवतात. ही म्हणाली, कोंडी फुटायची तेव्हा फुटेल, आपलं जेवण मात्र आत्ताच खोळंबलं. दुर्लक्ष.

१७ जानेवारी
आठवा रॅम्प, म्हणजे आपल्या कॉलनीकडून विमानतळाकडे उतरणारा, टेबलाच्या चार बोटं बाहेर येतो. सासूबाईंच्या खुर्चीला लागतो. दोनदा त्यांच्या शालीला अडकून निघाला. तात्पुरता फ्रिजवर ठेवलाय.

२२ जानेवारी
चीफ इंजिनिअर स्वतः घरी येऊन मॉडेल बघून गेले. बेहद्द खूश. म्हणाले, किती सुटसुटीत! अस्संच बांधा, तंतोतंत. फ्रिजवरच्या रॅम्पचं सांगणार होतो. पण समोरचा कौतुक करत असताना मध्येच तोंड घालणं बरं दिसत नाही.

२३ जानेवारी
विचार केला. प्रत्येक रॅम्प म्हणजे कोंडीला आमंत्रण. रॅम्प कमी, कोंडी कमी. आजवर हे कुणाला कसं सुचलं नाही? ड्राफ्ट्समनला सांगितलं, मॉडेलप्रमाणे नकाशा दुरुस्त कर. तो म्हणाला, साहेब, मग कॉलनीवाले विमानतळाला जाणार कसे? दूरदृष्टी नसली की माणूस ड्राफ्ट्समनच राहतो.

२८ जानेवारी, रविवार, सकाळी ६.३०
ट्रॅफिक सर्व्हे केला. कॉलनीच्या तोंडाशी उभं राहून अर्धा तास. विमानतळाकडे वळणाऱ्या गाड्या अकरा, सायकल एक. एवढ्यासाठी रॅम्प? आकडे खोटं बोलत नाहीत. ही म्हणाली, सोमवारी नऊला मोजा. सोमवारी नऊला मी ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो, मोजणार कसा?

३० जानेवारी
सासूबाईंनी मॉडेलवर स्वेटरचं बटण ठेवलं. म्हणाल्या, ही आपली गाडी. कॉलनीतून निघाल्या, पूल चढल्या, लूप घेतला, परत पुलावर. असं तीनदा. मग विचारलं, जावईबापू, विमानतळासाठी उतरायचं कुठे?
हसू आलं. बटणाला बोर्ड वाचता येत नाहीत. संकल्प क्र. २ पाळला, वाद घातला नाही. बटण तेवढं लपवून ठेवलं.

११ सप्टेंबर (पुढच्या वर्षीचा)
मध्यंतरी लिहायचं राहिलं. कामाच्या माणसाला वेळ कुठे? इंटरचेंज तयार! शनिवारी सकाळी उद्घाटन. त्याच दिवशी दुपारी दोनला लेकीचं विमान. तिकडे नोकरी लागली, आता दोन वर्षं दिसणार नाही. डोळ्यांत पाणी आलं. साइटवरची धूळ असणार.
फ्रिजवरचा रॅम्प नाहीसा झालाय. झाडलोटीत गेला असेल. बरंच झालं.

१४ सप्टेंबर, सकाळी ९.४०
फीत कापून झाली. टाळ्या. घरी मात्र सासूबाईंनी बटणाचा विषय काढला. लेक म्हणाली, बाबा, आज नको ना, जुन्या खाणीच्या रस्त्याने जाऊ. शेवटी तोडगा निघाला. तिघी टॅक्सीने खाणीकडून, मी मोठी बॅग घेऊन पुलावरून. म्हटलं, तुमच्या आधी पोचून गेटवर उभा असेन.

१०.०५
पुलावर. काय रस्ता, काय वारा!

१०.३५
लूपवरून पुन्हा पुलावर. ये रे माझ्या मागल्या. पुढेमागे सगळे कॉलनीतलेच. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी काच खाली करून विचारलं, हे तुम्हीच बांधलंत ना? म्हटलं, नाही.

११.१५
बाहेर पडता येतं, पण उलट दिशेला. यू-टर्न चौदा किलोमीटरवर. आणि तिकडे वळलो तर चूक मान्य केल्यासारखं होईल. आणखी एक फेरी घेऊन बघतो.

११.५०
गाडी जागची हलत नाही. कोंडी.

१२.१०
लेकीचा फोन. म्हणाली, आत जायची वेळ झाली, बॅग मागाहून पाठवा. मी म्हटलं, चार मिनिटांत पोचतो. तिने विचारलं, आहात कुठे? म्हटलं, पुलावर. ती म्हणाली, बाबा, जेवून घ्या.

२.०८
विमान डोक्यावरून गेलं. पुलावरून फार स्पष्ट दिसतं. फार वाईट वाटलं.

१५ सप्टेंबर, रविवार
कुरिअरसाठी बॅगेतलं सामान नीट लावावं म्हणून उघडली. सगळ्यात वर, तिच्या ओढणीत गुंडाळलेला थर्माकोलचा आठवा रॅम्प. त्यावर पेनाने लिहिलेलं : बाबांनी केलेला.
टेबलाशी नेऊन मॉडेलला लावून पाहिला. अजूनही चार बोटं बाहेर येतो. सासूबाई बसल्या होत्या. उठल्या आणि खुर्ची मागे सरकवली.
तेव्हाही सरकत होती.