काय काय उचललं त्याची यादी

ता. ३, सोमवार

आले एकदाची! लेकीने गाडीतून उतरवलं, पिशवी दारात ठेवली आणि म्हणाली, आई, चौदा दिवस शहाण्यासारखी राहा, भांडू नकोस. मी म्हटलं, भांडायला माणसं तरी बरी असू देत. हे कंबरदुखीवर संशोधन करणारं केंद्र. पांढऱ्या भिंती, मोठाल्या खिडक्या, वेळेवर जेवण, आणि ताट घासायचं दुसऱ्या कुणीतरी. एवढ्यानेच माझी निम्मी कंबर बरी झाली.

रोज प्रत्येकाने रोजनिशी लिहायची आणि दुखण्याला शून्य ते दहामधला आकडा द्यायचा, असा इथला नियम. मला अक्षरओळख नाही. खोलीतल्या शेजारीणबाई लिहून घेतायत. निवृत्त शिक्षिका, अंगाने चिमणीएवढ्या, जोरात शिंकल्या तर उडून जातील. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणते. (लिहा, शिंकेचंही लिहा.) आजचा आकडा आठ.

ता. ४, मंगळवार

डॉक्टर मऊ बोलतात, जावई पहिल्या महिन्यात बोलतो तसं. त्यांनी विचारलं, आजी, जन्मात काय काय उचललंत? अडुसष्ट वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग मी सुटलेच. सातव्या वर्षापासून पाण्याचे हंडे. लग्नानंतर बांधकामावर विटा. मग सासू, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून न्हाऊ घालायचे. न्हाताना शिव्या द्यायची आणि न्हाऊन झालं की माझा हात धरून झोपायची. आणि लेक. तिचा डावा पाय जन्मापासून लुळा. दहा वर्षांची होईपर्यंत रोज पाठीवर घेऊन शाळेत नेली. आज तीच गाडी चालवते आणि मला रागावते.

डॉक्टरांनी कागदावर चार ओळी लिहिल्या. म्हणाले, गोळ्या दुखणं नुसतं झाकतात, आम्ही कारणच काढून टाकतो. मी म्हटलं, काढा बाबा, वाट कसली बघताय?

ता. ५, बुधवार

पहिला उपचार. थंडगार पलंग, कमरेखाली रुंद पट्टा, कानात माशीसारखी गुणगुण, अर्धा तास. निम्म्या लोकांना खरा उपचार देतात, निम्म्यांना नुसता गरम पट्टा. कुणाला काय ते सांगत नाहीत. माझा खराच असणार. बाहेर येऊन मी वाकून चपला घातल्या! बाई मात्र कण्हतच आल्या. म्हणाल्या, आमच्या नशिबी गरम पट्टा. मी म्हटलं, जन्मभर पोरांचे हात शेकवलेत, आता स्वतःची कंबर शेका. आकडा सहा.

ता. ७, शुक्रवार

काल दुसरा उपचार झाला. आज बाईंनी विचारलं, लहानपणी हंडे आणायला किती लांब जात होतात? मी म्हटलं, कसले हंडे? आमच्याकडे पाणी कोण आणायचं, काय माहीत. आणि विटा? बांधकामावर तर मी कधी पाऊलच टाकलं नाही. बाई थट्टा करतायत असं वाटलं. त्यांनी मंगळवारचं पान वाचून दाखवलं. मला राग आला, म्हटलं, हे तुमच्या मनचं आहे. मग तळहात पाहिले. घट्टे आहेत. कशाचे?

आकडा चार.

ता. ९, रविवार

काल तिसरा उपचार झाला. आज भेटीचा दिवस. दिवाणखान्यात सगळे ताठ बसलेले. एक म्हातारा हमाल, पाठ फुटपट्टीसारखी सरळ. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, मी काय काम करायचो हो? त्याची बायको शेजारी बसून रडते. त्याने तिला रुमाल दिला, परक्या बाईला द्यावा तसा.

लेक आली. बोलता बोलता तिने आजीचा विषय काढला. मी विचारलं, कुणाची आजी? ती म्हणाली, आई, तुझी सासू. मी हसले. तिचं तोंड उतरलं. डॉक्टर तिला म्हणाले, थकवा आहे, होतं असं. तिने विश्वास ठेवला. शिकलेली आहे, विश्वास ठेवणारच.

आकडा दोन.

ता. १०, सोमवार

डॉक्टरांचा तो चार ओळींचा कागद पाहिला. वाचता येत नाही, पण लाल रेघ कळते. तीन ओळींवर रेघा आहेत. चौथी तेवढी मोकळी.

डॉक्टरांना म्हटलं, ती राहू दे, तेवढं दुखणं मला चालेल. ते म्हणाले, शेवटच्या ओळीला सगळेच असं म्हणतात. घरी जाते म्हटलं. त्यांनी पहिल्या दिवशी कागदावर उठवलेला माझा अंगठा दाखवला, चौदा दिवस राहीन म्हणून दिलेला. फोन फक्त रविवारी.

बाईंनी दार उघडून पाहिलं. बाहेरून कडी.

ता. ११, मंगळवार

मी स्वतःला फार हुशार समजते. आकडा विचारला तेव्हा कण्हले, म्हटलं, दहा. वाटलं, उपचार लागू पडत नाही म्हणून घरी पाठवतील.

डॉक्टरांना वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, मग थांबायला नको. उद्या सकाळीच, दुप्पट.

बाई, लिहा. मला एक लेक आहे. उद्या मला हे वाचून दाखवा. मी भांडले तरी वाचा.

ता. १२, बुधवार

आकडा शून्य.

बाई म्हणतात, मला लेक आहे. तीनदा वाचून दाखवलं. ऐकायला चांगलं आहे. कुणाचं तरी.

पाठ किती हलकी—

मग मी का रडतेय?

ता. १२, दुपार

बाईंना म्हटलं, पाठीवर बसा माझ्या. त्या नको नको म्हणाल्या. मी खाली बसले. बसा म्हटलं ना. त्या बसल्या. उठले. चालतेय, खिडकी ते दार, दार ते खिडकी. वही माझ्या डोक्यावर टेकवा आणि लिहा—

काही नाही. अजून एक फेरी.

कंबरेत कळ. बारीक. थांबू नका—

हं. कुणीतरी असंच डोक्यावर पाटी टेकवायचं. पाढे म्हणायचं. सातावर अडायचं, मग माझा कान ओढायचं, जसं काही मला येतात—

दुखतंय. दुखू दे. घट्ट धर गं, गळ्यात हात टाक—

बाहेर पावलं. कडी काढतायत. उतरू नकोस. आली, आली, डावा पाय माझ्या कुशीला आपटतोय, वेणी सुटलीय, मी हाक मारतेय, तिचं नाव— बाई, नाव लिहून घ्या, आत्ता, तिचं नाव